कुठलं पाणी?

७ नोव्हेंबर

दादा,

आधी रीतसर नमस्कार लिहिला होता, तो खोडला. मग वाटलं, खोडलेला नमस्कार बघून तुझं डोकं जास्तच फिरेल, म्हणून कागदच बदलला. तू आता मोठा साहेब. साहेबांना पत्र कसं लिहायचं ते मला येत नाही, आणि तू घर सोडून गेल्यापासून भावाला कसं लिहायचं तेही विसरले.

तुझी सही मात्र मी रोज बघते. धक्क्यावरच्या वायरलेसच्या खोलीत, अगदी माझ्या खुर्चीसमोर, तुझ्या नामकरण कार्यालयाचा हुकूम चिकटवलाय. उगमापासून समुद्रापर्यंत नदी एकच, तिचं नाव एकच. बोटीवर, धक्क्यावर, रेडिओवर, शाळेत जुनं कुठलंही नाव उच्चारायचं नाही. खाली तुझी सही, शेवटच्या अक्षराला तीच लांब शेपटी. लहानपणी त्या शेपटीपायी तू बाबांचा किती ओरडा खाल्लास!

बाबांनी तुझा फोटो भिंतीवरून काढलेला नाही. तुझ्या सहीचा हुकूम धक्क्यावर लागला त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून लावला, तो अजून तसाच आहे. मी पुसते तेव्हा मागचा पुठ्ठाच पुसते.

आता मुद्द्याचं. काल दोन माणसं घरी आली होती. बोलायला फार गोड. म्हातारे सारंग, म्हणजे बाबा, अजून कुणाला बोट चालवायला शिकवतात का, घरी कोण येतं-जातं, रिकामपणी काय पुटपुटतात, असं सगळं विचारत होती. मी म्हटलं, बाबांना हल्ली जेवल्याचं आठवत नाही, नदीची नावं कुठून आठवणार? ते हसले. मीही हसले. ते गेल्यावर मी दाराची कडी लावली आणि ती लागली का ते पुन्हा जाऊन बघितलं.

डावखुऱ्या काकांना पोलिसांनी नेलं हे तुला माहीत असेलच. बाबांच्या जोडीला बोटीवर जन्म घालवलेला माणूस. त्यांनी काही भाषण ठोकलं नव्हतं रे. बोटीचं चाक हातात घेताना सवयीने विचारलं, ‘कुठलं पाणी?’ बस्स, एवढंच. नवा सारंग चाकाशी आला की त्याने हे विचारायचं, जुन्याने त्या पट्ट्याचं नाव सांगायचं, आणि नाव कळल्यावाचून चाक एका हातातून दुसऱ्या हातात जायचं नाही, ही रीत काय काकांनी काढली होती? पण आता तो प्रश्नही गुन्हा झालाय. काकू रोज डबा घेऊन पोलीस चौकीवर जातात आणि भरलेला डबा परत आणतात.

म्हणून लिहितेय. तुझ्याकडे कुणी चौकशी केली तर सांग, बाबा आता नावं घेत नाहीत. खुर्चीत बसून असतात. अगदी शांत असतात.

तुझी बहीण

२६ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं आणि ते मला आतून खातंय. तुला लिहितेय की तुझ्या सहीला, तेच मला कळत नव्हतं, म्हणून खोटं लिहिलं.

बाबा शांत नसतात. दिवसभर नदी चालवतात. जेवणाच्या टेबलाची खुर्ची उलटी फिरवतात, तिची पाठ दोन्ही हातांनी धरतात आणि वरून खाली निघतात. मुकी, मग कुबडी, मग सासू, मग मोकळी. नावं मोठ्याने पुकारतात, बोटीवर पुकारायचे तशी. सासूपाशी आले की आवाज खाली आणतात आणि म्हणतात, “इथे नम्रपणे चला, हिचा काही भरवसा नाही. उजवा काठ सोडायचा नाही.” एरवी मी हसले असते. आता मी धावत जाऊन खिडक्या लावते आणि गाणी मोठ्याने लावते. शेजारीण परवा म्हणाली, “तुमच्याकडे हल्ली फारच गाणी!” ती सहज म्हणाली असेल. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी कामाला जाते तेव्हा बाबांना मागच्या खोलीत कोंडून जाते. लिहिलं बघ. त्यांच्या जवळ पाणी ठेवते, बिस्किटं ठेवते, आणि बाहेरून कडी घालते. ज्या माणसाने मला पोहायला शिकवलं त्याला मी कोंडते. माझ्या भिंगरीचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, आणि भिंगरी आता कामावर असते, तर त्यांच्याजवळ बसायला तरी कोण आहे?

भिंगरीचंच सांगायचं होतं. तुझी भाची सारंग झाली. तिला प्रवासी बोट मिळालीय, वरच्या शहरापासून आपल्या धक्क्यापर्यंत. पोरगी अजून तशीच, एका जागी पाय ठरत नाही, चाकाशी मात्र दगडासारखी उभी राहते. मला अभिमान वाटतो आणि भीतीही वाटते, कारण धुक्याचे दिवस सुरू झालेत.

दादा, तुमच्या समितीने नदीचं मूळ बदललं. बर्फातून येणारी शाखा आखूड निघाली, दलदलीतून येणारी लांब निघाली, म्हणून नदी आता दलदलीतून निघते. निघू दे बापडी. पण त्याने नदी अठरा किलोमीटरने लांबली. उगमापासूनचं अंतर काठावरच्या फळ्यांवर लिहिलेलं असतं, ते सगळं चुकलं. वरच्या शहरापर्यंत रंगारी आले, नवे आकडे रंगवून गेले. आपल्या पट्ट्यात ते फिरकलेच नाहीत. इथल्या फळ्यांवर जुना आकडा आणि भिंगरीच्या हातातल्या नकाशात नवा.

काठावरच्या चौकीवाल्यांना बोटीचा भोंगा ऐकू आला की ते मला फोनवर फळीचा आकडा सांगतात. मी त्यात अठरा मिळवते आणि रेडिओवर बोटीला कळवते. धुक्यात बोटीला दुसरे डोळे नाहीत. पूर्वी मी म्हणायचे, ‘कुबडी संपली, सासू आली’, आणि सारंगाच्या अंगालाच कळायचं काय करायचं ते. आता मी बेरीज करते. गणितात मी कशी होते ते तुला ठाऊक आहे. माझे पेपर तूच बाबांपासून लपवायचास.

बाकी काही मागत नाही. रंगारी पाठव.

१५ डिसेंबर

दादा,

बाबा बाहेर पडले.

मागच्या खोलीची खिडकी उंच आहे, म्हणून मी निर्धास्त होते. त्यांनी पेटीवर पेटी ठेवली आणि उतरले. या वयात! मला वायरलेसच्या खोलीतून ऐकू आलं. धक्क्याच्या टोकाला उभे राहून, दोन्ही हात चाकावर धरल्यासारखे पुढे करून, सगळी नावं वरून खाली पुकारत होते. माल उतरवणारी माणसं जागच्या जागी थांबली. कुणी हसलं नाही, कुणी जवळही गेलं नाही. सगळे पाण्याकडे बघत राहिले, जणू कुणाला काही ऐकूच येत नव्हतं. मी धावत गेले आणि बाबांच्या तोंडावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कुणी परकीच आहे. मग माझ्या तळहाताआडूनच उरलेलं एक नाव पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीत एक तपासनीस बसतो. स्वतःची उशी घेऊन येतो, खुर्ची लागते म्हणे. पेन्सिलीला टोक काढतो आणि मी रेडिओवर काय बोलते ते लिहून घेतो. वाईट माणूस वाटत नाही. मला विचारून पंखा बंद करतो. पण मी खोकले तरी त्याची पेन्सिल हलते. आता चौकीवाल्यांनाही कळलंय की खोलीत कोण बसलंय. त्यांचे फोन येतात ते शाळेतल्या पोरांनी धडा म्हणावा तसे. पूर्वी सासूच्या तोंडावरचा चौकीवाला बोट गेली की बायकोची तक्रार सांगितल्याशिवाय फोन ठेवत नसे. आता आकडा सांगतो आणि ठेवतो.

मला सारखी भीती वाटते, दादा. धुक्याची वाटते, फोन वाजला की वाटते, वाजला नाही की जास्त वाटते. भिंगरी घरी येऊन बूट भिरकावते तो आवाज आला की मी श्वास सोडते. आणि आज एक नवीच भीती डोक्यात शिरली, तीही लिहून टाकते. माझी पत्रं तू कुणाला दाखवत तर नाहीस ना? दोन माणसं आली ती माझ्या पत्राच्या आधी, हे मी मनाशी घोकत असते. पण तपासनीस नंतर आला.

हे वाक्य खोडायला हवं. कागद संपलाय, म्हणून राहू दे.

तुला आपला जिना आठवतो का? पातेल्याच्या झाकणाचं चाक. तू वरच्या पायरीवर सारंग, मी खालून यायचे आणि विचारायचे, ‘कुठलं पाणी?’ बाबांनी सांगितलेला नियम मला पाठ होता. विचारलं की उत्तर मिळेपर्यंत विचारणाऱ्याने जागचं हलायचं नाही. एकदा तू उत्तर न देताच झाकण टाकून खेळायला पळालास. मी तिथेच उभी. आई जेवायला हाका मारून दमली, शेवटी मला उचलून आत नेलं, तेव्हा मी भोकाड पसरलं. तू आलास तेव्हा रडून रडून माझा आवाज बसला होता, आणि तू म्हणालास, “वेडी कुठली, खेळ संपला होता ना!”

तीन पत्रं झाली. एक ओळ तरी लिही. ‘वेडी’ लिहिलंस तरी चालेल.

९ जानेवारी

दादा,

हे पत्र तुझ्याआधी कुणीतरी वाचेल, हे मला माहीत आहे. वाचू दे. कुठे पाठवायचं तेही मला माहीत नाही. चौकीवर देणार आहे, काकू डबा नेतात तिथेच. ते म्हणाले, पोचवू. कुठे पोचवणार ते सांगत नाहीत.

बोटीवर काय झालं ते तुला ठाऊक आहे. खोलीत काय झालं ते नाही, म्हणून सांगते.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की मला खिडकीतून धक्क्याचा दिवाही दिसत नव्हता. भिंगरीची बोट वरून निघालेली, माणसांनी भरलेली. तू तिच्यात आहेस हे मला माहीत नव्हतं. कळवलं असतंस तर मी घाबरून बाबांना लपवलं असतं, म्हणूनच कळवलं नसशील. चौकीचा फोन आला; सगळ्या चौक्या एकाच तारेवर, आणि हल्ली सगळे एकाच धड्याच्या आवाजात बोलतात, त्यामुळे कुठल्या चौकीचा ते कळलं नाही. “चारशे अठरा,” चौकीवाला म्हणाला, “बोट समोर आहे.” मी अठरा मिळवले आणि रेडिओवर सांगितलं, “चारशे छत्तीस.” तपासनिसाने लिहून घेतलं. नकाशात चारशे छत्तीस म्हणजे मोकळी, सासू मागे पडलेली, समोर सरळ रुंद पाणी.

रेडिओवर भिंगरी मला ‘धक्का’च म्हणते. ती म्हणाली, “धक्का, चारशे छत्तीस? इतक्या लवकर?”

मी तपासनिसाकडे पाहिलं. तो म्हणाला, “आकडा परत सांगा.” मी परत सांगितला. भिंगरीने बोटीचा वेग वाढवला असणार, कारण रेडिओत इंजिनाचा आवाज चढलेला मला ऐकू आला. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? बरं झालं, लवकर घरी येईल.

चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं. चौकीवाला बिचारा तपासनिसाला इतका भ्याला होता की त्या दिवशी त्याने आपणहूनच अठरा मिळवून आकडा सांगितला. वर मी आणखी अठरा मिळवले. भ्यालेल्या दोन माणसांनी एकच बेरीज दोनदा केली, आणि बोट सासूच्या तोंडाशी असताना मी तिला सासूच्या पार पलीकडे नेऊन ठेवलं.

मग रेडिओवर तुझा आवाज आला. “कुठलं पाणी?”

तू नाव सांगितलं नाहीस, ओळख दिली नाहीस, काही नाही. मी इतक्या वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता आणि पहिल्याच अक्षराला ओळखला. भिंगरी म्हणते, तू खाली प्रवाशांत बसला होतास. पाण्याचा आवाज कड्यावर आपटून परत येतोय, हे तुला कळलं, आणि तू धावत वर आलास. ऑफिसात इतकी वर्षं बसूनही तुझे कान शाबूत राहिले, हे मी बाबांना सांगितलंय.

तपासनिसाची पेन्सिल थांबली. समोर तुझी सही चिकटवलेली, रेडिओत तुझा आवाज. मला उत्तर द्यायचं होतं, पण मला उत्तर माहीतच नव्हतं! चौकीवाल्याने त्या दिवशी फोन ठेवला नव्हता, तो अजून माझ्या कानाशी होता. मी त्यात ओरडले, “तुझ्या दारासमोर कुठलं पाणी आहे?”

तो म्हणाला, “आकडा सांगितला ना, बाई.”

“आकडा गेला खड्ड्यात! तुझी आजी काय म्हणायची त्याला?”

 तो रडतोय हे मला कळत होतं. मग अगदी हळू, कुणाच्या कानात सांगावं तसं म्हणाला, “सासू.”

मी रेडिओचं बटण दाबलं. “सासू! दादा, सासूच्या तोंडाशी आहात! उजवा काठ धरा!”

मी बटण सोडलं आणि रेडिओला कान लावला. तपासनीस उभा राहिला होता. त्याच्या खुर्चीवरची उशी खाली पडली आणि ती कुणी उचलली नाही. मग भिंगरीचा आवाज आला, अगदी बारीक, लहानपणी तापात यायचा तसा. “आई, खडक दिसला. हात लावता येईल इतका जवळ. थांबलोय. सगळे आहेत.” मी टेबलावर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले. तपासनिसाने त्या वेळी काही लिहिलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन.

धक्क्यावर तू उतरलास. केस पांढरे झालेत तुझे. मी तुझ्याकडे येणार तोच तू मान हलवलीस, नाही म्हणून. तपासनिसाने विचारलं की जुनी नावं आधी कुणी काढली, तेव्हा तू म्हणालास, “विचारलं मी. या हुकुमाखाली सही माझी आहे, म्हणजे मीच वरिष्ठ. वरिष्ठाने विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. बाईंनी आणि चौकीवाल्याने हुकूम पाळला.” बाई म्हणालास मला, परक्यासारखं. मी तोंड उघडलं नाही. भिंगरी माझ्या दंडाला धरून होती आणि मला तिच्यासाठी भीती वाटत होती, आणि त्या भीतीपायी मी तुला एकट्याला पोलिसांच्या जीपमध्ये चढू दिलं. घर तिथून दिसतं. तू एकदाच तिकडे पाहिलंस.

कोटाच्या खिशातलं जे काही उतरण्याआधी भिंगरीच्या हातात कोंबलंस, ते मिळालं; मोजले, तिन्ही कागद माझेच. चुलीत घालायला हवं होतं. नाही घातलं.

बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांना कळेल असं वाटलं नव्हतं. ते उठले, तुझा फोटो भिंतीवरून काढून सरळ केला, बाहीने काच पुसली आणि विचारलं, “पोराला कुठल्या पाण्यात नेलंय?”  तेव्हापासून ते खुर्चीची पाठ धरून उभे आहेत. जेवायला बसवलं तर परत उठतात. मी आता खिडक्या लावत नाही. भीती गेली म्हणून नाही, दादा. भीती आहे तेवढीच आहे, थोडी जास्तच आहे. पण बाबांचा आवाज बाहेर जायला हवा, कुणी तुझ्या वाटेने जात असेल तर त्याच्या कानावर पडायला हवा.

चौकीवर मी रोज जाते. आता काकू आणि मी, दोघी. बाकावर बसायला सांगतात, मी बसत नाही.

सही, शिक्का, खुशाली काही नको. नाव लिहिलंस तर पत्र फाडतील. नुसता आकडा लिही. आणि अठरा वजा करायचे की नाही, तेवढं मात्र नक्की सांग, माझं गणित कच्चं आहे.

कुठलं पाणी, दादा?

मी विचारलंय. या वेळी आई नाही मला उचलून आत न्यायला. उत्तर येईपर्यंत मी इथून हलणार नाही.